जाड, अरुंद, तिरका: देवनागरीत असा डिस्प्ले फॉन्ट कसा जमवायचा आणि कुठे लावायचा

कबड्डी स्पर्धेचे बॅनर बघा, बाइकच्या टाकीवरचे स्टिकर बघा, जिमचे बोर्ड, गल्ली क्रिकेटच्या जर्सीवरची नावं, यूट्यूबच्या थंबनेलवरचे दोन-तीन शब्द, सगळीकडे एकाच वळणाची अक्षरं मागतात लोक. जाड पाहिजेत, उंच पाहिजेत, बाजूंनी आवळलेली आणि पुढे झुकलेली पाहिजेत. इंग्रजीत असले फॉन्ट ढिगाने मिळतात. मराठीत मात्र रेडीमेड तिरका, जाड आणि अरुंद असं तिन्ही एकत्र मिळणं अवघड, म्हणून मग काय होतं, हाताला लागेल तो फॉन्ट घ्यायचा, बी दाबायचं, आय दाबायचं, बाजूचं हँडल धरून आत ढकलायचं आणि झालं. पण त्यात अक्षराचं जे वाटोळं होतं ते दहा फुटी फ्लेक्सवर लगेच दिसतं. नीट करायचं तर फार वेळ लागत नाही, अर्धा-पाऊण तास लागतो, आणि तो कसा घालवायचा तेच इथे लिहितोय.

आधी थोडं, ही स्टाइल आली कुठून. तिरकी अक्षरं छपाईत आली १५०१ मध्ये, व्हेनिसला, आल्डस मॅन्युशियसच्या छापखान्यात, फ्रान्चेस्को ग्रिफो नावाच्या कारागिराने ते ठसे कापले. गंमत म्हणजे तेव्हा ती जोर देण्यासाठी नव्हतीच, छोट्या पुस्तकांचा अख्खा मजकूर त्यात छापायचे, आणि कॅपिटल अक्षरं सरळच उभी असायची. अरुंद आणि जाड हा प्रकार पुढचा, १९व्या शतकात भिंतीवर लावायच्या पोस्टरसाठी लाकडी ठसे आले तेव्हा फोफावला, कारण कागदाची रुंदी ठरलेली आणि शब्द लांब. १९६५ मध्ये जेफ्री ली यांनी केलेला इम्पॅक्ट हा फॉन्ट आपल्या सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर आहे, तोही याच घराण्यातला, फक्त सरळ उभा. आणि नायकेचं जुनं नाव आठवा, ते फ्युचरा फॉन्टच्या जाड अरुंद तिरक्या वळणातलं. तिथून पुढे खेळ म्हटलं की हेच अक्षर असं डोक्यात बसलं. यात कारणही आहे, आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, अक्षर उजवीकडे झुकलं की धावत असल्यासारखं वाटतं.

देवनागरीत तिरक्याची परंपरा नाही. आपल्याकडे जोर द्यायचा तर ठळक करतात, नाहीतर आकार वाढवतात. त्यामुळे बहुतेक देवनागरी फॉन्टांना इटॅलिक नसतंच, आणि तुम्ही आय दाबता तेव्हा सॉफ्टवेअर सरळ अक्षराला ढकलून वाकडं करतं. हे ढकलणं वाईट असं नाही, आपणही तेच करणार आहोत, पण किती ढकलायचं आणि नंतर काय दुरुस्त करायचं हे आपल्या हातात ठेवून.

बेस फॉन्ट

पहिला नियम, आणि हा एकच पाळलात तरी अर्धं काम झालं: अक्षर स्वतः चेपायचं नाही. मुळातच अरुंद काढलेला फॉन्ट घ्यायचा.

का ते सांगतो. समजा एका अक्षराचा काना २० मिमी जाड आहे आणि शिरोरेषा १६ मिमी. तुम्ही रुंदी ६५ टक्के केली. काना झाला १३ मिमी, शिरोरेषा तशीच १६. म्हणजे उभी रेघ बारीक आणि आडवी जाड. सगळा शब्द शिरोरेषेच्या ओझ्याखाली दबल्यासारखा दिसतो, आणि बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही पण खटकतं हे नक्की. फॉन्ट काढणाऱ्याने अरुंद काढताना काना जाड ठेवलेला असतो आणि आतली पोकळी कमी केलेली असते, तो फरक हँडल ओढून कधीच येणार नाही.

फुकटात मिळणारे चांगले पर्याय सांगतो, सगळे गूगल फॉन्ट्सवर आहेत. इंडियन टाइप फाउंड्रीचे खंड आणि टेको. टेको चौकोनी वळणाचा आहे, खेळाला आणि मशिनरीला शोभतो, खंड थोडा मऊ. मग मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘अनेक’ नावाचा फॉन्ट, हा व्हेरिएबल आहे, रुंदी ७५ ते १२५ आणि जाडी १०० ते ८०० अशी सरकवता येते, म्हणजे रुंदी ७५ वर आणि जाडी ८०० वर नेली की आपल्याला हवं ते अक्षर समोर. शिवाय हा फॉन्ट दहा लिपींत आहे, तेव्हा सोबत इंग्रजी किंवा गुजराती आलं तरी जोडी जमते. या तिन्हींत इटॅलिक नाही. माझं मत विचाराल तर लांब शब्द असेल तर अनेक, दोन-तीन अक्षरांचा दणका हवा असेल तर टेको बोल्ड.

श्रीलिपी वगैरे जुने फॉन्ट फ्लेक्सवाल्यांकडे असतात, त्यातही जाड वळणं भरपूर आहेत, वापरा, पण ते युनिकोड नाहीत हे लक्षात ठेवा, व्हॉट्सअॅपवरून आलेला मजकूर त्यात थेट पेस्ट होत नाही आणि कन्व्हर्ट करताना रफार, अर्धा र असल्या गोष्टी हमखास सटकतात. नावं पुन्हा एकदा वाचून बघायचीच.

फॉन्ट निवडताना त्यात अबकड टाइप करून बघू नका, त्याने काही कळत नाही. हे शब्द टाका: महाराष्ट्र, कबड्डी, खेळाडू, वऱ्हाड, क्रीडा, कुस्ती, लक्ष्मी. ळ ची दोन पोटं आडवी शेजारी शेजारी असतात, अरुंद फॉन्टात पहिला बळी त्याचाच जातो, दोन्ही पोटं भरून काळा ठिपका होतो. वऱ्हाडमधला अर्धा र नीट येतोय का बघा. ल आणि श मराठी वळणाचे येतात की हिंदी, तेही बघा, बऱ्याच फॉन्टांत दोन्ही असतात पण भाषा मराठी निवडल्याशिवाय मराठी वळण येत नाही. आणि फोटोशॉप किंवा इलस्ट्रेटरमध्ये वेलांटी उलटीकडे पडत असेल, जोडाक्षर फुटत असेल तर फॉन्टला दोष देऊ नका, सेटिंगमध्ये जाऊन टाइपचं इंजिन वर्ल्ड-रेडी किंवा साउथ एशियनवर न्या, होतं बरोबर.

किती तिरकं

८ ते १० अंश. याच्या पुढे देवनागरीत जाऊ नये असं माझं ठाम म्हणणं आहे. इंग्रजीत १२-१४ अंश चालतात कारण तिथे वर आडवी रेघ नाही. आपल्याकडे शिरोरेषा आधीच शब्दाला उजवीकडे ओढत असते, त्यात अक्षरं जास्त झुकवली की ती रेषेवरून लोंबकळताना दिसतात. आकड्यात बघा, १० इंच उंच अक्षर ८ अंश झुकवलं की डोकं साधारण १.४ इंच पुढे जातं, १० अंशाला पावणेदोन इंच, आणि १४ अंशाला अडीच इंच. अरुंद अक्षराची रुंदीच चार इंच असेल तर अडीच इंच फार झाले.

इलस्ट्रेटरमध्ये ऑब्जेक्ट, ट्रान्सफॉर्म, शिअर, तिथे अंश टाका. कोरलमध्ये स्क्यू. इंकस्केप फुकट आहे, त्यातही ट्रान्सफॉर्मच्या खिडकीत स्क्यू आहे. माउसने अंदाजे ओढू नका, आकडा टाका, म्हणजे बॅनर, पत्रिका, जर्सी सगळीकडे तोच अंश राहतो.

एक घोळ इथे फार होतो. तिरकं अक्षर आणि चढता शब्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिअर केलं की शिरोरेषा आडवीच राहते, फक्त काने झुकतात. रोटेट केलं की शिरोरेषाच चढते. पेंटर लोक जे करतात, शब्द चढता ठेवायचा पण काने सरळ उभे, ते तिसरंच, त्याला उभ्या दिशेने स्क्यू लागतं. तिन्ही चांगले दिसतात, पण एका बॅनरवर एकच घ्या.

दुरुस्ती, म्हणजे खरं काम

आता अक्षरं झुकली. कर्व्ह करा, म्हणजे टाइप केलेलं अक्षर आउटलाइनच्या आकारात बदला, आणि झूम करा. इथून पुढचं कोणी करत नाही आणि फरक इथेच पडतो.

अक्षर उजवीकडे ढकललं की सगळ्या रेघा सारख्या बदलत नाहीत. उभी रेघ जवळपास तशीच राहते, आडवी अगदी तशीच. पण तिरप्या रेघांचं वेगळं आहे. डावीकडे वर सुरू होऊन उजवीकडे खाली उतरणारी रेघ आखूड आणि जाड होते. उजवीकडे वरून डावीकडे खाली येणारी लांब आणि बारीक होते. ४५ अंशाची रेघ १० अंश ढकलली की पहिली साधारण ९ टक्क्यांनी जाड होणार आणि दुसरी ८ टक्क्यांनी बारीक. आकडा छोटा वाटतो, पण दोन रेघा शेजारी आल्या की डोळ्याला लगेच दिसतं.

आता देवनागरीत कुठे काय येतं बघा. ब च्या पोटातली काडी डावीकडून उजवीकडे उतरते, ती जाड होणार आणि पोट बुजणार. ष चं तेच. मग ब लांबून व वाटतो आणि ष चा प होतो. कबड्डीच्या बॅनरवर ही गोष्ट परवडत नाही. उपाय सोपा, ती काडी निवडा आणि १०-१५ टक्के बारीक करा, मूळ सरळ अक्षरापेक्षाही थोडी बारीक झाली तरी चालेल, कारण आजूबाजूला इतकं काळं असतं की ती बारीक दिसतच नाही. र चा पायही उतरता, तोही जाड होतो, थोडा छाटा. प्र, क्र, ग्र मधला रकार उलट, तो डावीकडे खाली येतो म्हणून बारीक पडतो, त्याला थोडं अंग द्या. आणि सगळ्यात मजेशीर ट्र, त्याच्या खालच्या टोपीची डावी बाजू बारीक होते आणि उजवी जाड. महाराष्ट्र हा शब्द तिरका केलेला कुठल्याही बोर्डवर बघा, एकदा हे कळलं की ती वाकडी टोपी दिसल्याशिवाय राहत नाही. डावी जाड करा, उजवी बारीक करा, दोन मिनिटांचं काम आहे.

गोल पोटंही बघा, व, ब, क, ठ. ढकलल्यावर गोलाचा वरचा उजवा आणि खालचा डावा कोपरा जाड होतो, उरलेले दोन बारीक. ठ वर हे सगळ्यात जास्त कळतं, अक्षर पिळल्यासारखं दिसतं. नोड, म्हणजे कडेवरचे बिंदू, आत-बाहेर सरकवून जाडी पुन्हा सारखी करायची. कर्व्हशी खेळायची सवय नसेल तर निदान मुख्य शब्दातलं एक ठ किंवा व तरी करून बघा, हात बसतो.

कबड्डीतला ड्ड हा वेगळा विषय. वरखाली आला की खाली बराच उतरतो आणि जाड फॉन्टात तिथे गुठळी होते. शेजारी शेजारी पाय मोडून लिहिला की शब्द लांबतो पण स्वच्छ दिसतो. मला स्वतःला वरखालीचाच आवडतो, ठसका असतो त्यात, फक्त खालचा ड थोडा लहान करून आणि दोघांमधली फट वाढवून घ्यायचा. खाली लगेच दुसरी ओळ असेल तर मात्र पाय मोडलेलाच घ्या, जागाच नसते.

वेलांट्या, रफार, अनुस्वार यांचं लक्ष ठेवा. जितकी वस्तू उंच तितकी ती जास्त उजवीकडे सरकते, म्हणून दुसरी वेलांटी शब्दाच्या बाहेर लोंबते. स्पर्धा मधला रफार पुढच्या शब्दाच्या पहिल्या वेलांटीला भिडत असेल, तर दोन शब्दांमधली जागा वाढवा, पण अक्षरांमधली नाही.

अक्षरांमधली जागा, म्हणजे ट्रॅकिंग, देवनागरीत शून्यच ठेवायची. वाढवली की शिरोरेषा तुटते, तुटक तुटक रेघ दिसते. इंग्रजीच्या पोस्टरमध्ये अक्षरं लांब लांब ठेवायची फॅशन आहे, ती इथे आणू नका.

ओळी आणि जोडी

इंग्रजी कॅपिटलमध्ये दोन ओळी एकमेकांना खेटून बसवता येतात कारण वर-खाली काहीच लोंबत नाही. आपल्याकडे वर मात्रा, खाली उकार. वरच्या ओळीत कुस्ती आणि खालच्या ओळीत मोठी असेल तर कु चा उकार आणि ठी ची वेलांटी भांडणार. ओळींतलं अंतर अक्षराच्या आकाराच्या १.१ ते १.३ पट धरा आणि मग शब्द बघून हाताने जुळवा. कधी कधी शब्दांचा क्रम बदलला की उकाराच्या खाली मोकळी जागा येते आणि दोन ओळी मस्त आत आत बसतात, हे जुळवण्यात खरी मजा आहे. कमल शेडगेंनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी जी अक्षरं काढली ती जरूर शोधून बघा, प्रत्येक नावाचं अक्षर त्या नावासाठीच काढलेलं, ओळी एकमेकींत कशा गुंफायच्या ते त्यात शिकायला मिळतं.

सोबत इंग्रजी हवं असेल तर बार्लो कंडेन्स्डचं ब्लॅक इटॅलिक घ्या, फुकट आहे आणि खरंच तिरकं काढलेलं आहे. पण त्याचा अंश आणि तुमच्या मराठीचा अंश जुळला पाहिजे. इंग्रजी एच च्या उभ्या रेघेवर एक लाइन ठेवा, तीच लाइन उचलून मराठी कान्यावर ठेवा, लगेच कळेल. जुळत नसेल तर मराठी त्याच्यापर्यंत न्यायच्या ऐवजी इंग्रजी थोडं सरळ करा. उंची जुळवताना इंग्रजी कॅपिटलचं डोकं शिरोरेषेच्या वरच्या कडेला लावा, वेलांटीच्या टोकाला नाही.

आउटलाइन, सावली, कटिंग

जाड अक्षराला पांढरी बॉर्डर सगळेच लावतात. ती बाहेरच्या बाजूला लावा. मधोमध लावली तर अर्धी आत येते आणि आधीच चिंचोळी पोकळी बुजते.

दुसरं, बॉर्डर लावली की दोन अक्षरांच्या सांध्यावर शिरोरेषेत उभी रेघ दिसते, कारण प्रत्येक अक्षराची शिरोरेषा पुढच्यावर थोडी चढलेली असते. कर्व्ह करून सगळा शब्द वेल्ड करा, म्हणजे सगळी अक्षरं जोडून एकच आकार करा, इलस्ट्रेटरमध्ये युनाइट. बाइकचा स्टिकर किंवा जर्सीचं नाव प्लॉटरवर कापणार असाल तर वेल्ड केल्याशिवाय फाइल देऊच नका, मशीन त्या प्रत्येक सांध्यावर ब्लेड फिरवतं आणि शिरोरेषेचे तुकडे हातात येतात. वेल्ड करायच्या आधी स्पेलिंग तपासा, नंतर ऱ्हस्वाचं दीर्घ करायचं तर पुन्हा पहिल्यापासून.

सावली द्यायची तर झुकावाच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे डावीकडे खाली, म्हणजे वेग टिकतो.

वेबसाइटवर लावायचं असेल तर

सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, नुसतं ऑब्लिक लिहिलं तर १४ अंश धरले जातात, आपल्याला ते जास्त आहेत. मथळा चित्र म्हणून नको असेल तर ट्रान्सफॉर्ममधला स्क्यू-एक्स वापरा, उणे ८ अंश, हा सगळ्या ब्राउझरवर सारखा दिसतो. उजवीकडे थोडं पॅडिंग ठेवा नाहीतर शेवटची वेलांटी कापली जाते. लेटर-स्पेसिंग शून्य. पानाची भाषा एमआर, म्हणजे मराठी, लिहा, ल आणि श साठी. हाताने काडी बारीक करायची सोय इथे नाही, त्यामुळे वेबवर ७-८ अंशावरच थांबलेलं बरं.

कुठे लावायचं, कुठे नाही

चार-पाच शब्दांच्या वर हे अक्षर जाऊ नये. स्पर्धेचं नाव, बक्षिसाची रक्कम, संघाचं नाव, थंबनेलवरचा एक शब्द, बास. पत्ता, फोन नंबर, नियम, प्रायोजकांची यादी, हे सगळं सरळ उभ्या साध्या फॉन्टात, मुक्ता फॉन्ट घ्या किंवा अनेकचीच नॉर्मल रुंदी. सगळंच पळायला लागलं की काहीच पळताना दिसत नाही. वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर एका मथळ्याला छान दिसेल, चार मथळ्यांना नाही. श्रद्धांजलीचा बोर्ड, दवाखाना, लग्नपत्रिका, इथे तर नकोच, तिथे घाई दाखवायची नसते. रस्त्यावरच्या दिशादर्शक पाटीलाही नको, चालत्या गाडीतून वाचणाऱ्याला मोकळी पोटं असलेलं अक्षर लागतं.

आकार किती ठेवायचा, तर बोर्डवाल्यांचा जुना ठोकताळा आहे, दर १० फुटांना १ इंच उंची. हा सरळ मोकळ्या अक्षराचा हिशोब. जाड आणि अरुंदला मी दीडपट धरतो, म्हणजे ५० फुटांवरून वाचायचं असेल तर साडेसात-आठ इंच, शिरोरेषेपासून पायापर्यंत, वेलांटी सोडून.

प्रिंटला देण्याआधी एक तपासणी कराच. १० फुटी फ्लेक्सची फाइल ए-फोर कागदावर आडवी छापा, ती साधारण दहापट लहान होते. म्हणजे भिंतीवर चिकटवून ५ फुटांवरून बघितलं की ५० फुटांवरून फ्लेक्स बघितल्यासारखं. ज्याने डिझाइन बघितलेलं नाही अशा कोणालातरी वाचायला सांगा, तुम्हाला शब्द पाठ असतात त्यामुळे तुमच्या वाचण्याला अर्थ नाही. तो ब ला व म्हणाला तर काडी अजून बारीक करा, ळ वर अडखळला तर रुंदी ७५ वरून ८०-८५ वर आणा, आणि पुन्हा छापून बघा. काळ्या-पांढऱ्यातच छापा, रंग आणि सावली नंतर.